करार, कायदा, नियम आणि पंचायतीच्या तीन पायऱ्या

पणजी, गोवा

प्रिय मित्रा,

एलएलएमला (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला) मानवी हक्क घ्यायचं ठरवलंस, छान झालं. पण तू पाठवलेल्या वाचनयादीत नुसते आंतरराष्ट्रीय करार आहेत, सरकार कुठेच नाही. मुलं अडकतात ती नेमकी इथे. कलमं पाठ असतात, पण त्या कलमांचं पुढे सरकारी दफ्तरात काय झालं, हे शोधायची सवय नसते.

दहा करार चाळण्यापेक्षा एकच हक्क धर आणि तो गावापर्यंत आणून सोड. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार घे. भारताने तो १ ऑक्टोबर २००७ रोजी मंजूर केला. इमारती, वाहतूक आणि माहिती अपंगांना वापरता आली पाहिजे, असं त्याचं नववं कलम सांगतं. कराराच्या अंमलावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने या कलमाचा अर्थ सांगण्यासाठी २०१४ मध्ये काढलेलं दुसरं सर्वसाधारण भाष्य सोबतच वाच. कलमात मोघम वाटतं ते तिथे उलगडतं. मग भारतात ये. आपल्याकडे करार मंजूर झाला की लगेच कोर्टात चालत नाही. राज्यघटनेच्या कलम २५३ खाली संसदेला तसा कायदा करता येतो, आणि तो, म्हणजे अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा, झाला २०१६ मध्ये. त्याच्या ४५व्या कलमाने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली. नियम जून २०१७ चे. म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली.

खरी गोम पुढे आहे. कायदा सक्तीचा, त्याखालच्या १५व्या नियमाने मात्र वेगवेगळ्या मंत्रालयांच्या मार्गदर्शक सूचना जोडल्या आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टी ऐच्छिक भाषेत होत्या. सक्ती तिथे गळाली. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे नियम करायला केंद्राला तीन महिने दिले. निकाल मुळातून वाच, सारांशावर भागवू नकोस. कायदा आणि नियम शेजारी ठेवून कसे वाचायचे, ते त्यातून शिकशील.

यानंतर टेप घेऊन गावच्या पंचायतीत जा. रॅम्पचा मान्य उतार १:१२. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर चढ ४५ सेंटिमीटर, म्हणजे रॅम्प ५४० सेंटिमीटर लांब हवा. अंगणात जागा नसली की तो पावणेतीन मीटरमध्ये उरकला जातो, उतार १:६ वर येतो आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला एकट्याने चढता येत नाही. फोटोत रॅम्प दिसतो, अहवालात काम पूर्ण. धोरण राबवलं की नाही हे अहवालावरून ठरवायचं नाही, ते या मापामुळेच कळतं.

कागदांसाठी राजपत्र, विधानसभेतली तारांकित-अतारांकित (तोंडी आणि लेखी उत्तरांची) प्रश्नोत्तरं आणि अर्थसंकल्पातल्या खात्यांच्या मागण्या बघ. तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च वेगवेगळे लिहून ठेव. उरलं ते माहिती हक्काच्या अर्जातून मागव. मात्र ‘रॅम्प का बांधला नाही?’ असं विचारू नकोस. ‘का’चं उत्तर म्हणजे माहिती नव्हे, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेच २००८ मध्ये सेल्सा पिंटो निकालात सांगितलं आहे. ‘अमुक इमारतीच्या सुगम्यता तपासणीच्या अहवालाची प्रत द्यावी’ असं लिही. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

राज्य मानवी हक्क आयोगाकडून फार आशा धरू नकोस: घटनेला वर्ष उलटलं की तक्रार घेता येत नाही आणि हाती येते ती शिफारस. जिनिव्हाला, संयुक्त राष्ट्रांच्या करार-समित्यांकडे, व्यक्तिगत तक्रारही नेता येत नाही, कारण त्यासाठीचे ऐच्छिक प्रोटोकॉल (करारांना जोडलेले वेगळे पूरक करार) भारताने स्वीकारलेले नाहीत.

करार वाचताना भारताने सोबत जोडलेली निवेदनं वगळू नकोस. तिथेच धोरण उघडं पडतं. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा करार १९९३ मध्ये मंजूर करताना भारताने लिहून दिलं, की कोणत्याही समाजाच्या वैयक्तिक बाबींत (लग्न, कुटुंब वगैरे) त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हात घालणार नाही. आणि आपल्या गोव्यात तर धर्म न बघता लागू होणारा नागरी कायदा पोर्तुगीज काळापासून आहे! प्रबंधाला याहून चांगला विषय मला तरी सुचत नाही. फक्त ‘गोव्यात आदर्श समान कायदा आहे’ हे वाक्य पहिल्या पानावर टाकू नकोस. १८८० ची हिंदू रीतिरिवाजांची संहिता काढ. काही अटींवर हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची मुभा त्यात होती. ती स्त्रियांच्या कराराच्या, लग्न आणि कुटुंबातल्या समानतेबद्दलच्या सोळाव्या कलमाशेजारी ठेव आणि मग लिहायला बस.

विषय पक्का करण्याआधी दोन पानांचा आराखडा पाठव. प्रत्येक मुद्द्यापुढे कलम क्रमांक आणि तो कागद कुठून मिळवणार, हे दोन्ही हवं.

शुभेच्छांसह,
तुझा हितचिंतक