फाईल कुणाच्या टेबलावर आहे, ते आधी बघ

गंगापूर रोड, नाशिक

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

दिल्लीत कृषी मंत्रालयात सल्लागार म्हणून तुझी निवड झाल्याचं बाबांनी सांगितलं होतंच, पाठोपाठ तुझा मेल आला. कौतुक भेटीत करीन. तू विचारलंयस, "काका, सरकारात शास्त्रज्ञाचं ऐकतं कोण?" प्रश्न योग्य आहे, पण सरकार म्हणजे एकच कोणीतरी बसलेलं आहे असं तू धरून चालली आहेस.

तुझ्या डोळ्यांसमोर बहुधा प्रधान वैज्ञानिक सल्लागारांचं कार्यालय असणार. ते नोव्हेंबर १९९९ मध्ये सुरू झालं. पहिले अब्दुल कलाम, मग २०१८ पर्यंत आर. चिदंबरम, नंतर विजयराघवन आणि २०२२ पासून अजय सूद. अनेक खात्यांनी मिळून करायची मोठी कामं तिथून चालतात. पण पिंपळगाव-निफाडच्या द्राक्षबागेपर्यंत जे पोचतं, ते त्या दारातून क्वचितच येतं. फवारणीचं औषध विकायला परवानगी द्यायची की नाही, हे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालची नोंदणी समिती बघते. ती कृषी खात्यात. देशात विकल्या जाणाऱ्या फळात त्या औषधाचे अवशेष किती चालतील, हे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची शास्त्रीय पॅनेल्स बघतात. ते आरोग्य खात्यात. निर्यातीचं अपेडाकडे, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या प्राधिकरणाकडे. ते वाणिज्य खात्यात. एका द्राक्षमण्याला तीन मालक, आणि तिघांच्या फायली वेगळ्या! तेव्हा कागद हातात आला की तो कुठल्या कायद्याखाली चाललाय हे आधी बघ. कायद्यात जिचं नाव आहे, त्या समितीला वगळून फाईल पुढे जात नाही. प्रसंगापुरत्या नेमलेल्या समितीच्या हाती अहवाल सोडून काही नसतं.

आता मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचं घे. छाटणीनंतर पाऊस लागला की केवडा रोगाच्या धास्तीनं बाबा ज्याची पुडी फोडतात, तेच. इतर देशांत बंदी असलेली पण आपल्याकडे वापरात असलेली ६६ औषधं तपासायला २०१३ मध्ये अनुपम वर्मा समिती नेमली गेली. २०१५ च्या अहवालात तिनं काही तत्काळ बंद करा म्हटलं, काही टप्प्याटप्प्यानं, आणि २७ औषधांबद्दल म्हटलं की आधी राहिलेले अभ्यास पूर्ण करून घ्या, मग २०१८ मध्ये फेरआढावा घ्या. मॅन्कोझेब या २७ मधलं. मे २०२० मध्ये याच २७ च्या बंदीचा मसुदा निघाला. कंपन्यांच्या हरकती आल्या, त्या ऐकायला आणखी एक समिती बसली आणि २०२३ च्या आदेशात पूर्ण बंदी आली ती डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल या तिघांवर. शिवाय मोनोक्रोटोफॉसच्या एका प्रकारावर. द्राक्षावरचं मॅन्कोझेब राहिलं.

यात कोण जिंकलं यावर गावात खूप बोलणं झालं. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. 'याच्यानं अपाय होतो असं दिसलं' आणि 'अपाय होतो की नाही हे सांगणारा अभ्यास कंपनीनं दिलेलाच नाही' ही बंदीची दोन अगदी वेगळी कारणं आहेत. दुसऱ्या कारणावरही बंदी घालता येते, माझ्या मते घालावीही. पण शे-दोनशे पानांचा अहवाल वर जाताना काय होतं, ठाऊक आहे? कक्ष अधिकारी अर्ध्या पानाची टिपणी लिहितो, अहवाल 'परिशिष्ट' होऊन तळाशी जातो आणि टिपणीत उरतं एवढंच: 'समितीने बंदीची शिफारस केली आहे.' अवर सचिव सही करतो, सहसचिव करतो. शिफारस वर पोचते, कारण खालीच राहतं. मग कोणी हरकत घेतली की बचाव करायला फायलीत काही नसतं. ती अर्ध्या पानाची टिपणी शक्य तितक्या वेळा तू स्वतः लिहून दे. अधिकारी नाराज होत नाहीत, उलट त्यांचं काम हलकं होतं.

दुसरं, कार्यकक्षा, म्हणजे समितीला नेमकं काय विचारलंय ते. आपल्या इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरांबद्दल गाडगीळ समितीला २०१० मध्ये विचारलं होतं की पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील भाग कोणते. तिनं अख्खा पश्चिम घाट संवेदनशीलतेच्या तीन श्रेणींत मांडला. ऑगस्ट २०११ चा तो अहवाल लोकांसमोर यायला माहिती आयोग आणि कोर्ट व्हावं लागलं. मग कस्तुरीरंगन समिती आली. तिला सांगितलं होतं की आलेल्या हरकती लक्षात घेऊन पहिला अहवाल तपासा. तिनं सुमारे ३७ टक्के भागच संवेदनशील धरला. दोन्हीकडे मोठी माणसं, डोंगर तेच, फक्त विचारणं निराळं. २०१४ पासून अधिसूचनेच्या मसुद्यांवर मसुदे निघताहेत, जुलै २०२४ मध्ये सहावा निघाला. म्हणून समितीचं पत्र आलं की कार्यकक्षेची वाक्यं दोनदा वाच आणि बदल हवा असेल तर पहिल्याच बैठकीत माग. एकदा इतिवृत्त मंजूर झालं की कुणी ऐकत नाही.

कांद्याचं तुला काय सांगायचं! कोंब रोखायला विकिरण, म्हणजे किरणांचा मारा, चालतं, भाभा केंद्राचा प्रकल्प लासलगावला २००२ पासून आहे. कांदाचाळीतला किती माल सडेल याचा अंदाजही शास्त्रज्ञ देऊ शकतो. पण ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद केली ती दिल्लीतल्या गिऱ्हाईकाला स्वस्त मिळावा म्हणून, आणि त्याची किंमत निफाड-चांदवडनं मोजली. तो निर्णय राजकीय होता. सरकारला तो घेण्याचा हक्क आहे, पण असल्या निर्णयाच्या मसुद्यात 'तज्ज्ञांच्या मते' घालायला सांगितलं, तर नम्रपणे नाही म्हण. बीटी वांग्याला, म्हणजे जनुक बदललेल्या वांग्याला, २००९ मध्ये तज्ज्ञ समितीनं मंजुरी दिली होती. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत लोकांचं ऐकलं आणि फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली, कारणं लेखी, स्वतःच्या नावावर. निर्णय मला अजून पटलेला नाही, रीत मात्र पटली.

मत वेगळं असेल तर तोंडी कुरकुर करू नकोस, असहमतीची टीप लिहून फायलीला जोड. लोक थोडे दिवस चहाला बोलावत नाहीत, इतकंच.

निघण्याआधी रविवारी दुपारी चक्कर टाक. येताना बाबांचं फवारणीचं रजिस्टर आण. निर्यातीची बाग असल्यानं त्यात तारीख, औषध, मात्रा, फवारणी ते काढणी किती दिवस गेले, सगळं लिहिलेलं असतं, आणि दिल्लीत तुझ्या शेजारी बसणाऱ्या बहुतेकांनी असलं रजिस्टर कधी उघडूनही पाहिलेलं नसेल. दोन पानांची झेरॉक्स बरोबर ने.

तुझा,
काका