भावाला मल्टिपल स्क्लेरोसिस निघालाय. एमआरआयचा इंग्रजी रिपोर्ट आई-बाबांना मराठीत कसा समजावू?

शब्दाला शब्द लावून भाषांतर करू नका. ती चूक मी केलीय. बहिणीला एमएस निघाला तेव्हा 'लीजन'चा अर्थ डिक्शनरीत बघून मी आईला 'व्रण' सांगितला. झालं! मेंदूत पू झालेली जखम आहे असं समजून ती दोन दिवस धड जेवली नाही. मग मी 'डाग' म्हटलं, तेव्हा कुठे खुर्ची ओढून शेजारी बसली.

आम्ही फोंड्याचे. घरात कोंकणी बोलतो, पेपर मराठी वाचतो आणि रिपोर्ट येतो इंग्रजीत. शेवटी एका कागदावर मराठीत लिहून काढलं. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवरचं मायलिन नावाचं आवरण कुरतडते. तिथे डाग पडतो, नसेतून जाणारा मेंदूचा निरोप अडखळतो. डाग डोळ्याच्या नसेवर असला तर धूसर दिसतं, मज्जारज्जूत असला तर पाय जड होऊ शकतात. 'टी२ हायपरइंटेन्स' म्हणजे त्या प्रकारच्या फोटोत पांढरा दिसणारा भाग. 'नो एनहान्समेंट' म्हणजे शिरेतून दिलेलं गॅडोलिनियम (फोटोत ताजी सूज उठून दिसावी म्हणून देतात ते द्रव्य) डागात झिरपलं नाही, तिथे सध्या ताजी सूज दिसत नाही. (मायलिन समजावताना वायरीवरच्या प्लास्टिकचा दाखला मीही दिला होता. आई म्हणाली, "मग वायर बदलून घेऊया की!")

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट मात्र रिपोर्टमध्ये नव्हतीच. मे महिना, वीज गेलेली, बहीण कढत पाण्याने न्हाऊन आली आणि तिला पूर्वी आजारी पडलेल्या डोळ्याने पुन्हा धूसर दिसू लागलं. घरभर धावपळ. ओला टॉवेल, थंड पाणी, आणि तासाभरात नजर पूर्ववत. उष्णतेने जुन्याच डागातून निरोप मंदावतो, त्याला उथॉफ फिनॉमेनन म्हणतात. ताप किंवा इन्फेक्शन नसताना नवं लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं, तर डॉक्टर त्याला रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, धरतात. अर्थात शंका आली तर घड्याळ बघत बसू नका, फोन करा.

आणि कागद आधी भावाला दाखवा. अक्षरं मोठी, एका वेळी थोडंच. बहिणीला सकाळी पानभर वाचणं झेपतं, दुपारनंतर दोन ओळीही नकोशा होतात. मी मात्र तिला सोडून आई-बाबांनाच शिकवत बसलो होतो. एकदा ती आतल्या खोलीतून म्हणाली, "दुखणं माझं, आणि ट्यूशन यांची!"