डिझेल पंप हवा मोजतो का?

प्रश्न : पेट्रोलच्या जुन्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण कार्बुरेटर करतो. मी पाहिलेल्या यांत्रिक डिझेल पंपाला मात्र हवेची एकही नळी नव्हती. मग हा पंप मिश्रणाचे प्रमाण कसे राखतो? आणि त्याचा स्क्रू फिरवून ताकद वाढवली, की काळा धूर का येतो?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. असा पंप हवा मोजत नाही. तो फक्त डिझेल मोजतो. डिझेल इंजिनाच्या हवेच्या मार्गात सहसा थ्रॉटल (हवा कमी-जास्त करणारी झडप) नसतो, त्यामुळे सक्शन स्ट्रोकला सिलिंडर प्रत्येक वेळी हवेने जवळजवळ पूर्ण भरतो, आणि त्या हवेत किती डिझेल सोडायचे एवढ्यावरच इंजिनाची ताकद ठरते.

हे मोजमाप कसे होते, ते इनलाइन पंपाचा (ज्यात प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर ओळीत असतो) प्लंजर हातात घेतला की लगेच उमगते. बोटाएवढ्या त्या गुळगुळीत दांड्यावर एक तिरपी कड कोरलेली असते. कॅम प्लंजरला दर वेळी सारखाच वर उचलतो. मात्र बॅरलचे, म्हणजे प्लंजर ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याचे, छिद्र प्लंजरच्या माथ्याने बंद झाल्यापासून तिरपी कड ते पुन्हा उघडेपर्यंतच डिझेल नोझलकडे जाते. रॅक, म्हणजे प्लंजर फिरवणारी दातेरी पट्टी, सरकली की प्लंजर स्वतःभोवती थोडा फिरतो, कडेचा वेगळा भाग छिद्रासमोर येतो आणि डिझेल तोडण्याचा क्षण बदलतो. रॅक शेवटपर्यंत मागे नेली, तर प्लंजरची उभी खाच छिद्रासमोर येते, दाब तयारच होत नाही आणि इंजिन बंद पडते. प्लंजर आणि बॅरल यांच्यातील फट अवघ्या काही मायक्रॉनची असते, म्हणून एका जोडीतला प्लंजर दुसरीच्या बॅरलमध्ये कधीही घालू नये.

रॅक इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या ताब्यात असते. वेग वाढला की त्याची वजने बाहेर फाकतात आणि स्प्रिंगच्या ताणाविरुद्ध रॅक मागे ओढतात.

आता धुराकडे वळू. 1 किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे 14.5 किलो हवा लागते. परंतु फवारलेल्या थेंबांना ती हवा गाठायला वेळ फार थोडा मिळतो, म्हणून पूर्ण भारावरही हे प्रमाण 18 ते 20 च्या खाली गेले की काजळी दिसू लागते. आयडलिंगला हवा याच्या कितीतरी पट जास्त असते. आपण म्हणता तो स्क्रू बहुधा रॅकची पुढची मर्यादा ठरवणारा असतो. तो सैल केला की हवा तेवढीच राहते, डिझेल मात्र वाढते.

टर्बो इंजिनाच्या अनेक पंपांवर मात्र हवेची नळी असते. बूस्टचा, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा, दाब एका पडद्यावर पोहोचतो आणि हवा वाढेल तशी रॅकची मर्यादा पुढे सरकते. हा पडदा फाटला तर धूर होत नाही, पण गाडी चढावर ओढत नाही. अशा वेळी स्क्रूला हात न लावता आधी ती नळी आणि पडदा तपासावा. स्क्रूची खरी जागा टेस्ट बेंचवर, प्रत्येक लाइनचे डिझेल काचेच्या नळीत मोजूनच ठरवता येते.