मोबाईलची फाइल आधी सरळ करा, एडियस अन् रिझॉल्व्हचं भांडण मग पाहू

भाऊ, तुमची पोस्ट वाचून आमच्या स्टुडिओतले जुने दिवस आठवले. तुम्ही लिहिलं ते असं: मंडईच्या (म्हणजे गावच्या जत्रेच्या) रात्रीचं नाटक, तीन कॅमेरे, त्यातला एक मोबाईल. एडियस ह्या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर लावलं तर दुसऱ्या अंकापासून मोबाईलचं चित्र आवाजाला सोडून चाललं. तेच मित्राच्या रिझॉल्व्हमध्ये, म्हणजे तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकलं तर सोनी कॅमेऱ्याच्या फायलींचा नुसता आवाज, चित्र गायब. खाली कमेंटमध्ये सहा जणांनी 'सॉफ्टवेअर बदला' सांगितलं आहे. बदलू नका. तुम्ही दोन वेगळे आजार एकाच पोत्यात भरले आहेत, म्हणून औषध सापडून नाही राहिलं.

मी काही इंजिनिअर नाही. लग्नं अन् झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली, नाटकं शूट करतो, तेवढ्यापुरतं सांगतो. कोडेक म्हणजे चित्र अन् आवाज दाबून फायलीत भरायची पद्धत, एवढं लक्षात ठेवा.

आधी मोबाईल. फोन सेटिंगमध्ये सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० सुटी चित्रं, दाखवते, पण स्टेजवर ब्लॅकआउट झाला किंवा फोन तापला की फ्रेमची संख्या कमीजास्त करते. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल उघडा. 'फ्रेम रेट मोड' समोर 'व्हेरिएबल' (कमीजास्त होणारा) दिसलं की चोर सापडला. साधा प्लेअर प्रत्येक फ्रेमची वेळ पाहून चालवते, म्हणून तिथे सगळं बरोबर दिसते. एडिटिंगवालं सॉफ्टवेअर पक्का वेग धरून फ्रेम मोजत गेलं की गाडी घसरते. फरक किती पडतो म्हणाल तर ३० अन् २९.९७ मध्ये गल्लत झाली तरी तासाला साडेतीन सेकंदांच्या वर जाते. रात्रभराच्या नाटकात हिशेब तुम्हीच करा. लग्नात हे लपून जाते, कारण तिथे आपण तुकडे कापतो अन् वर गाणं टाकतो. नाटकात तबलजीचा हात अन् थाप वेगळी दिसली की पहिल्या रांगेतला म्हातारासुद्धा बोलते.

उपाय टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा जोडायच्या पट्टीवर, करू नका. क्लिपचा वेग ९९.९ टक्के करून जुळवणारे लोक आहेत, त्यांना नमस्कार. घसरण सारखी नसते, म्हणून एका जागी जुळवलं की दुसऱ्या जागी सुटते. फाइल एका कोडेकमधून दुसऱ्यात बदलणारं शटर एन्कोडर घ्या, तेही फुकट आहे. मोबाईलची फाइल प्रोरेस एलटीमध्ये (प्रोरेस ही ॲपलची एडिटिंगसाठीची कोडेक, एलटी त्यातला हलका प्रकार) बदला, फ्रेम रेट पक्का २५ ठेवा, आवाज ४८ किलोहर्ट्‌झ. तुमचे बाकी दोन्ही कॅमेरे २५ वर आहेत असं पोस्टवरून दिसते, मग टाइमलाइनही २५ चीच. तिसावरून पंचविसावर आणताना हालचाल थोडी झटके मारेल. मोबाईल मागून पूर्ण स्टेज दाखवायला लावला असेल तर कोणाच्या लक्षात येणार नाही.

डिस्कचा विचार आधी करा. पूर्ण एचडी २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ सेकंदाला साधारण १२२ मेगाबिट खाते, म्हणजे तासाला ५५ जीबी. एलटी ८५ मेगाबिट, तासाला ३८ जीबीच्या आसपास. नाटकाला एलटी भरपूर झाली. त्याहून जड एचक्यू करा म्हणणाऱ्याला विचारा, हार्ड डिस्क तू देतो का?

एवढं करूनही वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज अन् कॅमेरा यांच्यात थोडं अंतर पडू शकते, कारण दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी नसतात. तो कोडेकचा दोष नाही. प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला कापून नव्यानं जुळवा.

आता सोनी. तुमच्या मित्रानं कॅमेऱ्यात बहुतेक १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगाची जास्त माहिती भरणारं सेटिंग, चालू ठेवलं आहे. मीडियाइन्फोत 'बिट डेप्थ' अन् 'क्रोमा सबसॅम्पलिंग' पाहा. मोफत रिझॉल्व्हमध्ये विंडोजवर अशा फायलींचा फक्त आवाज येणं ही लय जुनी तक्रार आहे. ग्राफिक्स कार्डं पण ४:२:२ वर बरीच वर्षं हात वर करत होती. ह्याही फायली प्रोरेसमध्ये काढा, फक्त इथे एलटीऐवजी ४२२ घ्या, रंगाचं काम करायचं असेल तर. दोन्हीकडे आधी दहा सेकंदांचा तुकडा चालवून पाहा, मगच रात्रभर मशीन लावा. एडियसची घरची एचक्यूएक्स चांगली आहे, पण मित्राकडे फाइल द्यायची असेल तर मला प्रोरेस बरी वाटते. एडियस फार जुनं असेल तर प्रोरेससाठी क्विकटाइम हे ॲपलचं व्हिडिओ सॉफ्टवेअर मागू शकते, अन् विंडोजवरचं क्विकटाइम ॲपलनं २०१६ मध्येच वाऱ्यावर सोडलं. ते टाकण्यापेक्षा एडियस अपडेट करा.

आता पोस्टमधल्या एका वाक्याबद्दल. तुम्ही आधी नुसतं 'फाइल चालत नाही' लिहिलं होतं, 'आवाज येते, चित्र नाही' हे तिसऱ्या कमेंटमध्ये आलं. 'फाइल चालत नाही' असल्या शब्दांनी माझं फार नुकसान केलेलं आहे. एका सरकारी कार्यालयाचा माहितीपट केला होता. पत्रात लिहिलं होतं 'फोरके, एमपीफोर'. मी एच.२६५ ह्या नव्या कोडेकमध्ये तेच दिलं. उत्तर आलं, फाइल खराब आहे. पुन्हा दिली. पेनड्राइव्हमध्ये व्हायरस असेल म्हणाले. नेमकं काय दिसते विचारलं तर साहेब मीटिंगमध्ये. टेबलावरच्या बाबूनं फायलीवर 'त्रुटी' असा शेरा मारून ठेवला अन् विषय संपला. मार्च उलटला, निधी परत गेला. नंतर तिथलाच ऑपरेटर पोरगा चहाच्या टपरीवर सहज बोलला, 'आवाज तर मस्त येत होता, पडदाच काळा होता.' त्या कॉम्प्युटरवर एच.२६५ चं एक्स्टेन्शनच नव्हतं, विंडोजमध्ये बऱ्याच ठिकाणी ते वेगळं टाकावं लागते. जुन्या एच.२६४ मध्ये काढून दिलं असतं तर त्याच दुपारी चाललं असतं. बिल पुढच्या वर्षी निघालं, तेही कापून. शेरा मारायला वेळ होता, पडदा काळा आहे एवढं सांगायला नव्हता.

म्हणून नाटक मंडळाला पेनड्राइव्ह देताना एच.२६४, ८-बिट, ४:२:०, एएसी आवाज. यापलीकडे जाऊ नका, गावातल्या टीव्हीवर हेच चालते. पेनड्राइव्ह फॅट३२ ह्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही. एक्सफॅट प्रत्येक टीव्ही वाचत नाही, तेव्हा अंकवार फायली करा. लोकांनाही बरं पडते, हवा तो अंक लावता येते.

बऱ्याच कोडेक एकदम टाकणारे कोडेक पॅक टाकू नका. एडिटिंग सॉफ्टवेअर त्याच्याकडे बहुतेक पाहतच नाही, वरून चालू असलेलं बिघडते.

हॅन्डीकॅमची एव्हीसीएचडी (त्याचं रेकॉर्डिंगचं स्वरूप) फाइल असेल तर एकेक क्लिप उचलू नका, कार्डावरचं पूर्ण फोल्डर कॉपी करा. लांब रेकॉर्डिंगचे तुकडे पडलेले असतात, अन् सुटे जोडले की जोडावर आवाज खटकते. ते ५० आय असेल तर इंटरलेसचं (एक फ्रेम दोन अर्ध्या भागांत भरायचं) वेगळं लफडं आहे, ते दुसऱ्या पोस्टमध्ये विचारा.

रेंडर, म्हणजे शेवटची फाइल काढायचं काम, रात्री लावत असाल तर यूपीएस पाहून लावा. एमपीफोरची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते, मध्येच लाइन गेली की ती फाइल उघडतच नाही. आमच्या फीडरवर पहाटे लाइन जातेच, म्हणून मी अंकवार रेंडर करतो.

मोबाईल अन् सोनी, दोन्हीच्या एकेका फायलीची मीडियाइन्फोतली पूर्ण माहिती इथे टाका, एडियस अन् रिझॉल्व्हची आवृत्ती पण. माझा सोनीबद्दलचा अंदाज चुकला असेल तर तिथेच कळेल.