प्राइडच्या पोस्टरवर मराठीत काय लिहायचं?

प्रश्न असा आलाय: "आमचा छोटा बॅन्ड आहे, सगळे अकरावी-बारावीचे. प्राइडच्या मोर्चाच्या दिवशी संध्याकाळी एका हॉलमध्ये वाजवणार आहोत आणि पोस्टर मराठीत करायचंय. 'लाइव्ह म्युझिक फॉर गे राइट्स' हे मराठीत कसं लिहू? एकाने 'समलैंगिक अधिकारांसाठी थेट संगीत मैफल' असं करून दिलंय, वाचायला कसंतरीच वाटतं पण नक्की काय चुकतंय ते कळत नाहीये."

मी पण बारावीतच आहे, सतरा वर्षांची, आणि शब्दांचा नाद आहे म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जातच नाहीये कारण हे दोन्ही विषय माझ्या जवळचे आहेत. माझा आतेभाऊ गे आहे, आम्ही त्याला दादाच म्हणतो, आणि मला आयुष्यातली पहिली कॉन्सर्ट त्यानेच दाखवली.

आधी 'थेट' काढून टाक. थेट हा शब्द प्रक्षेपणाला लागतो, मॅचचं थेट प्रक्षेपण, म्हणजे तिथे घडतंय ते मध्ये कुठे न थांबता तुझ्यापर्यंत येतंय. समोर बसून ऐकतोय त्याला थेट कशाला म्हणायचं? 'जिवंत' हा शब्द आपल्याकडे या अर्थाने खरंच वापरात आहे, गणपतीत मंडळं 'जिवंत देखावा' करतात, मूर्त्यांच्या ऐवजी खरी माणसं उभी राहून काम करतात तो. पण 'जिवंत संगीत' म्हटलं की कान नाही म्हणतो. मला वाटतं याचं कारण असं की मराठीत नुसतं 'गाणं' म्हटलं की ते समोर बसून गायलेलंच असायचं, दुसरं काही नव्हतंच. भारतात गाणं पहिल्यांदा तबकडीवर उतरलं १९०२ साली, कलकत्त्याला, गौहर जान यांचा आवाज त्या पहिल्या रेकॉर्ड्समधला. त्याच्या आधी कुणाला 'लाइव्ह' म्हणायची गरजच पडली नसणार. आजही जुनी माणसं म्हणतात ना, "आज अमक्याकडे गाणं आहे", त्यात सगळं आलं.

हे लिहिताना एक गोष्ट मला फार लागली ती इथेच सांगते. 'होमोसेक्शुअल' हा शब्द छापून आला १८६९ मध्ये, कार्ल-मारिया कर्टबेनी नावाच्या लेखकाने जर्मनमध्ये केला, आणि 'हेटरोसेक्शुअल' हा शब्दही त्याचाच, त्याच्या १८६८ च्या एका पत्रात आहे. म्हणजे स्ट्रेट माणसाला नाव मिळालं ते गे माणसाला नाव द्यायला बसले तेव्हा. रेकॉर्ड आली म्हणून 'लाइव्ह' हा शब्द लागला, तसंच. तोपर्यंत जे आपल्याला नुसतं 'माणूस' किंवा नुसतं 'गाणं' वाटत होतं तो पण एक प्रकारच आहे हे तेव्हा कळतं. आणि मराठीत तर मजा अशी की शाळेच्या गणितात सम म्हणजे दोन, चार, सहा आणि विषम म्हणजे एक, तीन, पाच, आणि 'विषमलिंगी' हा शब्द आहे तो स्ट्रेट लोकांसाठी.

आता 'समलैंगिक'. हिंदीत हाच चालतो, मराठी पेपरांत 'समलिंगी' जास्त दिसतो. लिंग म्हणजे मुळात खूण, चिन्ह, त्यामुळेच व्याकरणात पुल्लिंग-स्त्रीलिंग म्हणतात. समलिंगी म्हणजे एकाच लिंगाचे, आणि असं म्हणायला निदान दोघं लागतात. 'समलिंगी विवाह' बरोबर आहे, 'समलिंगी जोडपं' बरोबर आहे, पण 'तो समलिंगी आहे' म्हटलं की माझ्या डोक्यात प्रश्न येतो, कुणाशी सम? एकट्या माणसाला तो शब्द नीट बसत नाही, रूढ झालाय म्हणून आपण चालवून घेतो. 'समलिंगी हक्क' मध्ये तर हक्कच समलिंगी झाले, लिहायचंच असेल तर 'समलिंगी व्यक्तींचे हक्क' लिही. आणि 'तृतीयपंथी' इथे वापरू नकोस प्लीज, तो वेगळ्या लोकांसाठीचा शब्द आहे, अजून खूप जणांच्या डोक्यात हे सगळं एकच असतं.

माझं मत विचारशील तर सरळ 'गे' लिही. दादा स्वतःला गे म्हणतो, आणि माणूस स्वतःला जे म्हणतो ते आधी धरावं. शाळेत त्याला जे शब्द ऐकायला लागले, बायल्या वगैरे, ते अस्सल मराठीच होते, त्यामुळे मराठी असला की शब्द आपोआप चांगला असं मला वाटत नाही. आणि ऐकायला तरी 'गे' आपल्याला परका नाही. अर्थ पूर्ण वेगळा, मूळही वेगळं, पण हा आवाज मराठी गाण्यात सातशे वर्षांपेक्षा जास्त आहे. ज्ञानेश्वरांची विराणी आहे ना, "पैल तो गे काऊ कोकताहे", त्यातला गे म्हणजे अगं, जवळच्या बाईला मारलेली हाक. कोकणात अजून "काय गे" म्हणतात. त्या ओळीत ज्ञानेश्वर विरहिणीच्या तोंडून बोलतात आणि आपल्याला त्यात काही चुकीचं वाटत नाही. (यावरून कुणी उलटेसुलटे अर्थ काढू नयेत, बालगंधर्व नऊवारी नेसून गायचे त्यावरूनही काढू नयेत. बाईच्या आवाजात बोलणं वेगळं आणि गे असणं वेगळं. मी एवढंच म्हणतेय की आपली गाणी ऐकणाऱ्यांना हे ऐकायची सवय होती.)

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते 'अधिकार' बद्दल. हिंदीत राइट म्हणजे अधिकार, तिथे ते बरोबरच आहे. मराठीत अधिकार म्हटलं की अधिकारी आठवतो, कुणीतरी वरच्याने दिलेली सत्ता. सरकारीत 'माहितीचा अधिकार' आहे, मान्य, पण टिळकांचं वाक्य आठव, जन्मसिद्ध काय? हक्क. तो जन्माने येतो, कुणी देत नाही. आणि मराठीत या शब्दाला अजून एक अर्थ आहे, हक्काचं घर, हक्काने मागणं, हक्काचं माणूस. कायद्याचा शब्द आणि मायेचा शब्द एकच!

गेल्या पावसाळ्यात दादाच्या पार्टनरला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स खूप उतरल्या, रात्री अॅडमिट केलं. फॉर्मवर नातं विचारलं तर दादाने 'मित्र' लिहिलं, काउंटरवरचा माणूस म्हणाला घरचं कुणी असेल तर बोलवा. घरचे लातूरला. ते सकाळी पोचेपर्यंत दादा बाहेर खुर्चीत बसून होता, मी आणि आई डबा घेऊन गेलो तेव्हा आईला म्हणाला, "मामी, मी त्याचा कोण ते मला लिहिताच आलं नाही." चार वर्षं एका घरात राहतायत, भाजी कोण आणणार ते लाइटबिल कोण भरणार सगळं दोघांत ठरलेलं, आणि हक्काचं माणूस असून कागदावर हक्क नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते कारण स्टेजवर कुणी विचारलं तर बॅन्डमधल्या सगळ्यांना माहीत असायला हवं. गे संबंध ज्यात गुन्हा धरले जायचे ते कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलं, दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये गे लोकांना त्यातून सोडवलं, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१३ मध्ये ते परत लागू केलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी आपापल्या मर्जीने ठेवलेले संबंध हा गुन्हा नाही. त्या केसला ज्यांचं नाव आहे ते नवतेज सिंग जोहर भरतनाट्यम नर्तक आहेत, म्हणजे स्टेजवरचाच माणूस. मी तेव्हा पाचवीत होते आणि मला फक्त एवढंच आठवतं की आत्या टीव्ही बंद करून आत निघून गेली, दादाने अजून तिला काही सांगितलं नव्हतं तरी. मग १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा निकाल आला, कोर्टाने लग्नाला मान्यता दिली नाही, ते संसदेचं काम आहे म्हणाले. तो फॉर्म अजून तसाच आहे तो त्यामुळे. म्हणून पोस्टरवर 'हक्क'च लिही.

आता 'मैफल'. शब्द सुंदर आहे पण मैफल म्हटलं की निवडक माणसं, गाद्या, तक्के, अत्तर, आतल्या खोलीतलं वाटतं, आणि तुम्हाला दार उघडं ठेवायचंय. मी सुचवेन 'जलसा'.

जलसा अरबीतून फारसीमार्गे आला, मूळ अर्थ बसणं, मजलिस त्याच धातूतला, म्हणजे आपली 'बैठक' तीच जलसा. पूर्वी 'गाण्याचा जलसा' सर्रास म्हणायचे. पण महाराष्ट्रात या शब्दाला जे वजन आलं ते दुसऱ्याच कारणाने. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि पुढे त्या चळवळीतून सत्यशोधक जलसे उभे राहिले. तमाशाचाच साचा, तीच ढोलकी, तेच सवाल-जवाब, पण आतला मजकूर बदललेला, शिक्षण, सावकार, भिक्षुकशाही, जात. नंतर १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे, भीमराव कर्डकांचा तर प्रसिद्धच. जे लोक सभेला येणार नाहीत, ज्यांना पेपर वाचता येत नाही, त्यांच्यापर्यंत हक्काची भाषा गाण्यातून पोचली. लाइव्ह म्युझिक आणि राइट्स हे दोन शब्द एकत्र करायला तू इंग्रजीतून निघालास पण मराठीत ते आधीच एका शब्दात बसलेले आहेत! आणि अजून एक, अरबीत हक्क या शब्दाचा एक अर्थ सत्य असाही आहे. सत्यशोधक जलसा आणि हक्काचा जलसा, शब्द म्हणूनसुद्धा किती जवळ आहेत बघ.

एक मात्र मनापासून सांगते. हा शब्द ज्यांच्या कष्टाने मोठा झाला त्यांचं नाव न घेता वापरू नकोस. त्या जलशांमध्ये गे लोकांबद्दल काही होतं असा माझा दावा नाही, ती लढाई जातीची होती आणि ती संपलेली नाही. सुरुवातीला माइकवर दोन मिनिटं ते सांगा, आणि प्राइडमध्ये चालणारी दलित मुलं-मुली असतीलच, त्यांना विचारून करा, जमलं तर पहिलं गाणं त्यांनाच म्हणू दे.

लाइव्ह का, यूट्यूबवर का नाही, असं तुमच्यातल्याच कुणीतरी विचारलं असेल. मला यावर क्वीन बॅन्डचा गायक फ्रेडी मर्क्युरीच आठवतो, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला पारशी मुलगा, पहिला बॅन्ड तिथेच केला त्याने. १३ जुलै १९८५, वेम्बली स्टेडियम, लाइव्ह एड नावाच्या कॉन्सर्टमधली ती वीस-एक मिनिटं. तो नुसता आवाज काढतो, शब्द पण नाहीत, आणि सत्तरेक हजार माणसं तोच आवाज परत देतात. सहा वर्षांनी तो एड्सने गेला, आजाराची बातमी त्याने आदल्या दिवशी जाहीर केली होती. त्या गर्दीतल्या किती जणांनी त्याच्यासारख्या माणसाला घरी जेवायला बोलावलं असतं कुणास ठाऊक, पण तेवढा वेळ सगळे त्याच्या मागे गात होते, आणि हे रेकॉर्ड ऐकताना होत नाही, तिथे आपण एकटे असतो.

याला मराठीत शब्द आहे. झील. माझे आजोबा गावी शाहिराच्या मागे झील धरायचे. पोवाड्यात शाहीर कडवं म्हणतो आणि मागचे झीलकरी "जी जी रं जी" करून सूर उचलून धरतात, तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो. आजोबा सांगायचे, झीलकऱ्याने स्वतःचे शब्द घालायचे नसतात आणि शाहिराचा सूर पडू द्यायचा नसतो, बस. इंग्रजीत 'अलाय' म्हणतात ना, जो स्वतः गे नाही पण सोबत उभा आहे, त्याला मराठीत लोक 'समर्थक' नाहीतर 'सहयोगी' लिहितात, समर्थक ऐकलं की मला निवडणूकच आठवते. मी झीलकरी म्हणेन. मागच्या प्राइडला जंगली महाराज रोडवर आई पहिल्यांदा आली होती, घोषणा तिला येत नव्हत्या, दादा पुढे होता, तो जे म्हणेल त्याचं शेवटचं अक्षर तेवढं ती मोठ्याने म्हणत होती. घरी येऊन आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग झीलच धरली की तिने."

तर पोस्टरवर मी असं लिहीन: मोठ्या अक्षरात 'हक्काचा जलसा', खाली 'गे, लेस्बियन, बाय, ट्रान्स, सगळ्यांच्या हक्कांसाठी गाणं', आणि सगळ्यात खाली 'झील धरायला या'. झीलमधली झी दीर्घ, आणि जलसाचं रूप 'जलशाला', 'जलसाला' नाही, घोषणा करणाऱ्याला हे आधी सांगून ठेव. तारीख कळव, मी येतेय, आईला आणि दादालाही घेऊन, आणि आत्याला पण विचारणार आहे.