जेम्स बाँडसारख्या गुप्तहेर नायकांमध्ये शौर्याची बदलती कल्पना कशी दिसते?

बाँडचेच दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. १९६२च्या 'डॉ. नो'मध्ये शॉन कॉनरी समोरच्याच्या पिस्तुलातल्या गोळ्या संपल्यात हे ओळखून त्याला थंडपणे ठार करतो. चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. शीतयुद्धाच्या काळात शूर म्हणजे न डगमगणारा, एवढाच अर्थ होता.

२००६च्या 'कसिनो रॉयल'मध्ये डॅनियल क्रेग जिन्यातल्या मारामारीनंतर आरशासमोर रक्त धुतो. हादरलेली त्याची सहकारी वेस्पर शॉवरखाली कपड्यांनिशी बसलेली असते. तोही तसाच भिजत तिच्याजवळ बसतो. मला तर हाच त्याचा सगळ्यात धाडसी क्षण वाटतो!

आपल्याकडे 'राझी'तली (२०१८) सेहमत देशासाठी पाकिस्तानातल्या सासरीच हेरगिरी करते, माणूस मारते आणि मग ढसाढसा रडते. तरीही प्रेक्षकांनी तिला नायिकाच मानलं.