वाचकांचे प्रश्न : शत्रूला यादी कशासाठी द्यायची?

प्रश्न : दर वर्षी 1 जानेवारीला भारत आणि पाकिस्तान आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, अशी छोटीशी बातमी वाचनात येते. मे 2025 मध्ये ज्यांच्याशी क्षेपणास्त्रांनी लढावे लागले, त्यांनाच आपले पत्ते कळवणे हा भाबडेपणा नव्हे काय? अशा करारांनी अणुयुद्धाचा धोका खरोखर कमी होतो का?
— एक निवृत्त शिक्षक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे, म्हणून या यादीत नेमके काय असते तेथूनच सुरुवात करतो. अण्वस्त्रे कोठे ठेवली आहेत, हे त्यात नसते. अणुभट्ट्या, इंधनाचे कारखाने, युरेनियम समृद्ध करणारी आणि वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करणारी केंद्रे, तसेच किरणोत्सारी पदार्थांचे मोठे साठे यांचे अक्षांश-रेखांश त्यात असतात. तारापूर कोठे आहे हे शाळेतल्या पोरालाही नकाशावर दाखवता येते. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचे वचन दोन्ही देशांनी करारातून दिले आहे; ते कोणकोणत्या जागांना लागू आहे हे लेखी ठरलेले असावे आणि ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे म्हणायला पुढे कोणालाही वाव राहू नये, एवढ्यासाठी ही यादी आहे.

1981 साली इस्राएलने इराकची ओसिराक अणुभट्टी बॉम्ब टाकून उद्ध्वस्त केली, आणि त्यानंतर तसाच हल्ला आपल्याकडे होईल ही भीती उपखंडात घर करून राहिली. 31 डिसेंबर 1988 रोजी, राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो पंतप्रधान असताना, या करारावर सह्या झाल्या. 1991 मध्ये तो अमलात आला आणि 1 जानेवारी 1992 पासून याद्यांची देवाणघेवाण सुरू झाली. पुढे कारगिल झाले, संसदेवरील हल्ल्यानंतर दोन्ही सैन्ये महिनोन्‌महिने समोरासमोर उभी राहिली, मुंबईवर हल्ला झाला, पुलवामा आणि बालाकोट झाले. यादी मात्र चुकली नाही. बोलण्याचे इतर धागे एकेक करून तुटत असताना हा टिकला, याचे मोल मला फार वाटते.

आता धोक्याविषयी. कोणी ठरवून अण्वस्त्र टाकेल याची भीती जितकी आहे, तितकीच गैरसमजातून कोणी टाकेल याचीही आहे. 9 मार्च 2022 रोजी भारताचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडले. त्यावर स्फोटके नव्हती, जीवितहानीही झाली नाही. आपल्या सरकारने दोन दिवसांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला आणि पुढे चौकशीअंती हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. तणावाच्या एखाद्या रात्री हेच घडले असते, तर पलीकडच्या रडारवर बसलेल्या माणसाने काय समजावे? बॅलिस्टिक, म्हणजे उंच झेपावून कमानीने खाली येणाऱ्या, क्षेपणास्त्राच्या चाचणीची सूचना किमान तीन दिवस आधी देण्याचा करार दोन्ही देशांत 2005 पासून आहे, पण ब्राह्मोससारखी क्रूझ, म्हणजे विमानासारखी हवेतून उडत जाणारी, क्षेपणास्त्रे त्यात येत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी दोन्ही बाजूंनी चर्चेला बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूचना देऊनही भागत नाही, ती कामावरच्या माणसापर्यंत पोहोचावी लागते. 25 जानेवारी 1995 रोजी नॉर्वेहून उत्तर ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी एक अग्निबाण सोडण्यात आला. नॉर्वेने रशियाला आधी कळवले होते, परंतु तो निरोप रडारवरच्या लोकांना मिळाला नाही, आणि अध्यक्ष येल्त्सिन यांच्यापुढे अण्वस्त्रांचा आदेश देण्याची पेटी उघडली गेली. उलट 10 मे 2025 रोजी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी आपल्या महासंचालकांना दूरध्वनी केला आणि संध्याकाळी 5 पासून गोळीबार थांबवण्याचे ठरले. दोघांमधली ही थेट दूरध्वनीची सोय शांततेच्या काळात करून ठेवलेली होती, म्हणून त्या दुपारी कामी आली.

जगाचा हिशेब मांडायचा तर 1986 च्या सुमारास सत्तर हजारांच्या आसपास असलेली अण्वस्त्रे आज बारा हजारांच्या घरात आली आहेत. या घटीत करारांचा वाटा मोठा आहे. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील एकट्या 1987 च्या करारान्वये 2,692 क्षेपणास्त्रे नष्ट झाली आणि परस्परांचे निरीक्षक ती नष्ट होताना प्रत्यक्ष हजर राहिले. अमेरिका आणि रशिया यांच्यातील शेवटच्या मोठ्या कराराची मुदत मात्र 5 फेब्रुवारी 2026 रोजी संपली, आणि मला त्याची काळजी वाटते.

प्रश्न : मी सुदूर संवेदनाची विद्यार्थिनी आहे. सर्वांना उपलब्ध असलेल्या उपग्रहचित्रांवरून अण्वस्त्रांचा अभ्यास होतो असे ऐकले. तो माझ्यासारखीला जमेल का?
— एक पदव्युत्तर विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : जमेल, मात्र घाई करू नका. 2021 मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी येथील अभ्यासकांनी चीनमधील युमेनजवळच्या वाळवंटात क्षेपणास्त्रांसाठी खोदल्या जाणाऱ्या शंभराहून अधिक भूमिगत विहिरी शोधल्या, त्या विकत मिळणाऱ्या उपग्रहचित्रांवरून. साधारण तीन-तीन किलोमीटरवर, ओळीने, बांधकाम झाकणारे तंबूसारखे घुमट दिसत होते, आणि तसलेच घुमट चीनमधल्या दुसऱ्या एका ठिकाणी आधी पाहिलेले असल्यामुळे त्यांना ते ओळखता आले.

तुम्ही नागपूरजवळच्या कोराडीपासून सुरुवात करा. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रे विनामूल्य मिळतात. कोराडीच्या वीजकेंद्राची वर्षभरातली चित्रे एकापुढे एक ठेवा. शीतकरण मनोऱ्यांतून वाफ कोणत्या तारखांना निघते, चिमणीची सावली डिसेंबरात किती लांबते आणि मेमध्ये किती आखडते, राखेचे तळे कसे पसरते, हे वहीत टिपा आणि कोणते संच कधी चालू होते याच्याशी ताडून पाहा. उत्तर कोरियातील योंगब्योनची अणुभट्टी चालू आहे की बंद, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था बाहेर सोडल्या जाणाऱ्या थंडाव्याच्या पाण्यासारख्या खुणांवरूनच ताडते. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आपल्याच शहरात आहे; तेथील जाणकारांना भेटा.

घाई नको म्हणालो त्याचे कारण मे 2025 मध्ये दिसले. अणुसाठा असल्याचे बोलले जाते त्या पाकिस्तानातील किराना टेकड्यांवर भारताने मारा केला आणि किरणोत्सार पसरला, असे चित्रांचे तुकडे जोडून हजारो लोक सांगू लागले. तेथे मारा केलेला नाही, असे एअर मार्शल ए. के. भारती यांनी पत्रकार परिषदेत सांगितले, आणि पाकिस्तानातील कोणत्याही अणुकेंद्रातून किरणोत्सार झालेला नाही, असे अणुऊर्जा संस्थेनेही स्पष्ट केले. तोवर माणसे घाबरून गेली होती. म्हणून कोराडीच्या वहीत प्रत्येक निष्कर्षाशेजारी एक रकाना मोकळा ठेवा आणि काय दिसले तर हा निष्कर्ष चुकीचा ठरेल, ते निष्कर्ष लिहितानाच त्यात भरा.